तिसऱ्या वर्षी नाव

१४ मार्च

आज जिन्याखालच्या कोठडीतून पत्र्याचा डबा काढला. आई जानेवारीत गेली. तेव्हापासून तिकडे हात लावायचा धीर झाला नव्हता. बाकीचे डेलियाचे कंद मोठ्या खोक्यात असतात. ते कुजले तर कुजले, बाजारात पुन्हा मिळतात. डबा मात्र एकट्या सत्तेचाळीसचा.

वही नवीन आहे, म्हणून पहिल्यापासून लिहिते. डेलियाचं बी पेरलं की त्याच फुलासारखं फूल येत नाही. प्रत्येक बी आपल्या मनाचं. त्यातली बहुतेक रोपं पहिल्याच वर्षी उपटून टाकावी लागतात, आणि ती उपटताना मला दरवेळी अपराध्यासारखं वाटतं. दोन वर्षांपूर्वी पेरलेल्यांतलं फक्त सत्तेचाळीसावं मी ठेवलं. मोठं नाही, दिखाऊ नाही. जर्दाळूचा रंग, काळपट देठ, आणि पाकळी उलटी केली की पाठीवर जांभळट धूर. असं फूल जगात फक्त माझ्या अंगणात होतं. गेल्या वर्षीही अगदी तसंच आलं. आमच्या डेलिया मंडळाचा रिवाज असा की दोन वर्षं रोपाला नुसता नंबर. ते कोणी मंडळात आणतही नाही. तिसऱ्या वर्षी फूल पुन्हा तसंच आलं तर चारचौघांत आणायचं आणि नाव द्यायचं.

डब्यातला भुसा कोरडा होता, सुताराकडून कालच आणल्यासारखा. कंद टणक. माझ्या आठवणीत गड्डा बारका होता, करंगळीएवढी तीन बोटं आणि एक वाकडं. आता चांगला मूठभर वाटला. पण हल्ली माझ्या आठवणीचा काय भरवसा? परवा आईचा फोन नंबर आठवेना. मानेशी लालसर डोळा फुटलाय. जगलंय!

नवरा दारात उभा होता. "बघ रे, जगलं!" मी ओरडलेच. "हो का," म्हणाला आणि भांडी घासायला आत गेला. भांडी मी सकाळीच घासून ठेवली होती.

१६ मार्च

कंद कुंडीत लावला. नावाचं ठरलं. आईला लहानपणी घरात ज्या नावाने हाक मारत ते. त्या नावाने तिला हाक मारणारं आता कोणीच उरलं नाही. इथे लिहीत नाही. फूल येऊ दे आधी.

गेल्या वर्षी आजारी आईकडे पहिलं फूल घेऊन गेले होते. ती म्हणाली, "अगं, हा तर माझ्या जुन्या शालीचा रंग," आणि दुपारभर ते हातात धरून बसली. फुलदाणीत ठेवू देईना.

लेकीला वसतिगृहात फोन करून नाव सांगितलं.  ती म्हणाली, "बाबाला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचं? आई माझी, फूल माझं."

"नाही गं, असंच."

९ एप्रिल

कोंब वर आले. हिरवेगार. देठ काळपट असायला हवा होता, पण अजून कोवळं आहे, उन्हात रंग धरेल. खतही जरा सढळ हाताने पडलं माझ्याकडून.

२ मे

रोप वाफ्यात लावलं. मी कामावरून यायच्या आत ह्याने आधाराची काठी रोवून ठेवली होती. काठी काय, खांबच! त्याला बांधून बैल उभा राहील. म्हटलं, "वेलीला मांडव घालतोयस की काय?" तो हसला नाही.

मला मात्र भरून आलं. लग्न झाल्यापासून माझी बाग ह्याच्या लेखी म्हणजे चिखलाचे बूट. यंदा पाणी घालतो, सकाळी उठून गोगलगाई वेचतो, हवामानाचा अंदाज ऐकतो. आई गेल्याचं दुःख माणसं असं वाटून घेतात. तोंडाने बोलणं ह्याच्या स्वभावात नाही.

३० मे

शेंडा खुडला, म्हणजे फांद्या फुटतील. देठ अजून हिरवाच. पानं जरा जास्तच रुंद वाटतात. पाऊसपाणी वेगळं, साल वेगळं.

मी काम करते त्या कपडे-दुरुस्तीच्या दुकानात मालकिणीने दिवसभर राखाडी कोटांच्या दुरुस्त्या काढून ठेवल्या होत्या. रफू करताना धाग्याची छटा जुळवायचं काम तिथे माझ्याचकडे असतं. म्हणाली, "तुझ्या डोळ्यांचा विमा उतरवला पाहिजे." घरी येताना सबंध रस्ताभर खूश होते.

२१ जून

भांडण झालं. जेवताना हा अचानक म्हणाला, "आईंचं नाव नको देऊस त्याला."

"का?"

"असंच. दुसरं काहीतरी दे. किंवा अजून एक वर्ष थांब."

"तीन वर्षं थांबलेय मी."

"फूलच आहे ते. उद्या मेलं, बिघडलं, तर? मग त्या नावाचं काय?"

मी ताट उचलून उठले. आई ह्याला कधी फार आवडत नव्हती हे मला ठाऊक होतं. तिच्या टोमण्यांचा राग त्याने पोटात ठेवला असेल. पण ती गेल्यावरसुद्धा? एका फुलावर तिचं नाव नको?

थोड्या वेळाने मागे येऊन उभा राहिला. "अगं, एक सांगायचं होतं." मी म्हटलं, "आज नको, आज काही ऐकायचं नाही मला." तो गेला.

२२ जून

  मी उठायच्या आत तो वाफ्याला पाणी घालून गेला होता.

१८ जुलै

कळी धरली. हरभऱ्याएवढी.

४ ऑगस्ट

उमललं!

चहा तसाच टाकून अंगणात पळाले. जर्दाळू. तोच रंग. मी ह्याला, शेजारच्या काकूंना, फोनवर लेकीला, सगळ्यांना हाका मारल्या. काकू म्हणाल्या, "सुरेख! आमच्या व्याह्यांकडेही अगदी असंच आहे." मी मनात म्हटलं, काकू, तुमच्या व्याह्यांकडे हे असणं शक्यच नाही.

पाठीवरचा धूर फिका आहे. जवळजवळ नाहीच. उन्हाने उडाला असेल. गेल्या वर्षीचा फोटो काढून ताडून पाहता येईल, पण त्याचा एकच फोटो माझ्याकडे आहे आणि त्यात ते आईच्या हातात आहे. तो उघडवत नाही.

ह्याने फूल पाहिलं. "छान आहे," म्हणाला. मी त्याचा हात धरला. हात गार होता.

३० ऑगस्ट

उद्या नाव. तीन फुलं निवडून पाण्यात ठेवली. फोटो काढायला यायलाच हवं असं ह्याला बजावलं. काम आहे म्हणत होता. मी म्हटलं, "एक दिवस माझ्यासाठी." मग कॅमेरा शोधायला गेला.

३१ ऑगस्ट

 आजच लिहिते, नाहीतर उद्या मी हे मऊ करून लिहीन.

सभागृहाच्या मधोमध नाव नसलेल्या फुलाचं टेबल असतं. त्यावर चिठ्ठी नसते. सगळे सदस्य त्याच्याभोवती एकेक फेरी मारतात, कोणी बोलत नाही. मग फूल वाढवणाऱ्याने नाव मोठ्याने सांगायचं आणि मोठ्या बाईंनी ते स्वतःच्या हाताने पाटीवर लिहायचं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या अध्यक्ष. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त झाल्यात हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

फेऱ्या झाल्या. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी हात वर केला. पुढे वाकल्या, नखाने एक पाकळी उलटी केली, देठ चिमटीत धरून पाहिला.

"हे तुझ्या बियाचं?"

"हो, बाई."

"नक्की?"

"बाई, तीन वर्षं मी ह्याच्यामागे आहे."

"ह्याला नाव आहे," बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी ते सांगितलं. कुठल्याही रोपवाटिकेत मिळतं ते, पिशवीत घालून, वर रंगीत चित्र लावून. दोघातिघांनी माना डोलावल्या. त्यांनी फेरी मारतानाच ओळखलं असणार. कोणीतरी मागून पुटपुटलं, "बी दुकानात पेरलं असेल," आणि दबलेलं हसू पसरलं.

मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा बाईंशी आवाज चढवला. म्हटलं, चुकताय तुम्ही, चष्मा बदला. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "पोरी, घरी जा. आपण नंतर बोलू." पाटी कोरीच राहिली.

हा दाराशी कॅमेरा गळ्यात अडकवून उभा होता. फोटो एकही काढला नव्हता. गाडीत म्हणाला, "जाऊ दे. मनाला लावून घेऊ नकोस."

१ सप्टेंबर

दुकानात गेले नाही. मंडळात बारा वर्षं मी कोणाला खोटं सांगितलेलं नाही. आता सगळ्यांच्या लेखी मी विकतचं फूल आणून आईच्या नावाने खपवणारी बाई.

बाईंना चूक दाखवायची तर पुरावा हवा. फोटो उघडावाच लागणार.

२ सप्टेंबर

उघडला.

आधी आईचेच हात पाहत बसले. मग फूल. एक पाकळी तिच्या अंगठ्याने दुमडली होती, पाठ दिसत होती. धूर. गडद, जांभळट, स्पष्ट. देठ काळा.

बाई बरोबर होत्या. अंगणात आहे ते हे नाही.

म्हणजे मीच गोंधळ केला. गेल्या शरदात कंद काढताना आईच्या घरचे फोन येत होते, मी रडत होते, कुठला गड्डा कुठे ठेवला कोण जाणे. बाजारातलं काहीतरी डब्यात गेलं असेल आणि सत्तेचाळीस मी खतात टाकलं असेल. स्वतःच्या हाताने. ह्याला सांगितलं. म्हटलं, मीच मारलं रे ते. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "होतं असं," म्हणाला.

३ सप्टेंबर

लेकीला फोन केला. तिलाही तेच सांगत होते, की मीच अदलाबदल केली, मला आता काही धड जमत नाही, वय झालं, धाग्यांचंसुद्धा काम सोडून द्यावं.  मध्येच ती रडायला लागली.

"आई, तू नाही केलंस. प्लीज असं बोलू नकोस. तू काही नाही केलंस."

"मग कोणी?"

"बाबाशी बोल."

तो बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर होता. मी टीव्ही बंद केला. काही विचारावंच लागलं नाही. माझ्या हातातल्या फोनकडे बघून त्याला कळलं.

जानेवारीत मी आईकडे होते तेव्हा कोठडीतला नळ गळत होता. नळवाल्याला जागा हवी म्हणून ह्याने डबा मागच्या ओट्यावर ठेवला. तासाभरासाठी. मग विसरला. रात्रभर बर्फ पडलं. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर कंदांचा चिखल झाला होता. त्याच दिवशी आई गेल्याचा माझा फोन आला.

"त्या दिवशी कसं सांगणार होतो? तूच सांग."

"त्या दिवशी नाही. मग?"

"मग तू परत आलीस. जेवत नव्हतीस. म्हणायचीस, आईचं आता एवढंच उरलंय. तू पाठवलेला त्या फुलाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, तो घेऊन मी चार रोपवाटिका फिरलो. एक जण म्हणाला, हे घ्या, हेच ते. मला वाटलं, तुला थोडा तरी..."

"लेकीला कधी सांगितलंस?"

"तेव्हाच. एकट्याला पेलवेना."

म्हणजे मार्चपासून ती दोघं एका बाजूला आणि मी दुसऱ्या. मी "जगलं!" म्हणून ओरडले तेव्हा त्यांना ठाऊक होतं. मी नाव सांगितलं तेव्हा ठाऊक होतं. त्या दिवशी मी सभागृहात बाईंना चष्मा बदला म्हणत होते आणि हा दाराशी उभा होता. आणि काल! काल मी स्वतःला शिव्या देत होते आणि हा माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. होतं असं, म्हणे.

डबा विसरला त्याचा राग नाही. खरंच नाही. विसरतं माणूस.

४ सप्टेंबर

मी कपाटातलं अंथरूण काढून लेकीच्या खोलीत ठेवलं. 

आज एक गोष्ट कळली आणि ती कोणाला समजावून सांगता येईल असं वाटत नाही. माझं फूल जानेवारीत मेलं, आणि त्याच्यासाठी मी रडलेच नाही. रडायच्या जागी मी सहा महिने दुसऱ्याच कोणाला तरी पाणी घातलं.

९ सप्टेंबर

बाई घरी आल्या. आधी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हे मात्र खरं फूल होतं." मग मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "बी धरलं होतंस का त्याचं?"

नव्हतं धरलं. कंदाला जोर यावा म्हणून गेल्या वर्षी प्रत्येक फूल वेळेत खुडलं होतं. नियमाप्रमाणे.

"मग गेलं," बाई म्हणाल्या. कोणीतरी हे स्पष्ट म्हणायला हवं होतं.

१४ सप्टेंबर

मंडळाच्या बैठकीत तो स्वतः गेला. मी सांगितलं नव्हतं. "तुझ्यावर आळ राहायला नको," म्हणाला. मलाही यायला लावलं.

उभा राहिला आणि सगळं सांगितलं. सुरुवातीला अडखळत. मग रोपवाटिकेत मोबाईल नाचवत फिरल्याचं सांगितलं तेव्हा कोणीतरी हसलं. हसू ऐकून त्याचा आवाज मोकळा झाला. गोगलगाईंचं सांगितलं. "फूल उमललं आणि ही माझा हात धरून उभी! मला वाटलं, आता हिला माझ्या हातावरून कळणार!" सगळं सभागृह हसलं. शेवटी टाळ्यासुद्धा पडल्या.

माझ्या शेजारच्या बाईने मला कोपर मारलं. "किती जीव आहे हो तुमच्यावर! आमचे तर मी मेले तर दुसरी आणतील, पण ती मीच आहे असं भासवायचे कष्ट काही घेणार नाहीत."

दुसरी म्हणाली, "नशीब काढलंत."

'बी दुकानात पेरलं असेल' म्हणणाऱ्यानेही येऊन माझी माफी मागितली आणि ह्याच्या पाठीवर थाप मारली.

माझ्यावरचा आळ गेला. तो खोटारडी म्हणवून घ्यायचा डाग गेला, आणि त्या जागी एक गोड गोष्ट आली, लग्नसमारंभात सांगण्यासारखी. त्या गोष्टीत फूल कुठेच नाही. आईही नाही. मी आहे ती फक्त फसणारी, डोळे मिटून हात धरणारी. मला हसायलाही लागलं, कारण न हसणारी बायको कोणाला आवडत नाही.

मोठ्या बाई हसल्या की नाही ते मी पाहिलं नाही. पाहायचं टाळलं.

१५ सप्टेंबर

"झालं ना आता? सगळ्यांना कळलं," तो म्हणाला.

"हो."

"मग अजून काय?"

मी म्हटलं, "तू ते त्यांना सांगितलंस. मला तर लेकीने सांगितलं."

 

२ ऑक्टोबर

लेक दोन दिवसांसाठी आली. गळ्यात पडली, रडली. तिच्यावर रागावता येत नाही. ती बापाची लाडकी, बापाने तोंड बंद ठेवायला सांगितलं, तिने ठेवलं. पण तिच्या केसांवरून हात फिरवताना मनात आलं, हिला हे जमतं. आपल्याला माहीत नव्हतं.

तिने विचारलं, "ते नाव आता कशाला देशील?"

"कशालाच नाही."

१९ ऑक्टोबर

अंगणातलं ते रोप अजून फुलतंय. त्याचा काय दोष? मी त्याला पाणी घालत नाही. तरी माती ओली असते. कोण घालतं ते विचारायची गरज नाही.

६ नोव्हेंबर

काल रात्रीच्या गारठ्याने सगळे डेलिया काळे पडले. कंद काढायचे दिवस आले. मी माझ्या ओळीपासून सुरुवात केली. ते रोप मी खणणार नव्हते. राहू दे जमिनीत, कुजू दे. असं ठरवलंच होतं.

दुपारी मागून आवाज आला म्हणून वळून पाहिलं. हा फावडं घेऊन त्या रोपापाशी उभा होता. माझे जुने बूट घातले होते, त्याला घट्ट होत होते. कोणाकडून काही शिकला नाही, मला विचारलं नाही. काळे देठ एका मुठीत धरले, फावडं बुंध्याला चिकटवून धरलं आणि पाय वर उचलला. तिथे पाय दाबला असता तर माना मोडून सगळे डोळे तुटले असते. नुसते बटाटे हातात आले असते, पुन्हा कधीही न फुटणारे.

मी पाहत होते. तीन-चार श्वास तरी मी काहीच बोलले नाही. दाबू दे, असं मनात स्पष्ट आलं होतं. ते इथे लिहून ठेवते.

"लांबून," मी म्हणाले. "हातभर लांबून खण. चारही बाजूंनी."

त्याने पाय खाली घेतला. मागे सरकला. माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी पाहू नये म्हणून असेल, तोंड दुसरीकडे वळवून खणायला लागला.

मी माझ्या ओळीकडे परत वळले.